तिला ऐकू येत असेल

६ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. जोडून तीन दिवस सुट्टी आली आहे, काचेचं दुकान बंद ठेवणार आहेस, तेव्हा ताईने यावंच, असं एकाच पत्रात चारदा लिहिलं आहेस. फोनवर एकदाच सांगून भागलं असतं. पण फोनवर तुझं "काय? काय?" आणि माझं ओरडणं ऐकून शेजाऱ्यांना वाटतं, बहीणभावाचं जुंपलंय. काच कापायच्या मशीनने तुझे कान खाल्ले म्हणून आपली पत्रं टिकली, तेवढं तरी बरं झालं.

या खेपेला येत नाही रे. रागावू नकोस, आधी कारण ऐक. मी ते तीन दिवस वाचणार आहे.

आता तू म्हणशील, निवृत्त बाई, एकटी राहते, रोजच वाचते, त्यात सुट्टीचं काय. सांगते. तुझ्या लेकीने मला टॅबलेट वापरायला शिकवलं, त्यावर मला वाचणाऱ्यांचा एक गट सापडला. 'पानोपानी' त्याचं नाव. तिथे कुणी खरं नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. तसा नियम नाही, आपली पडलेली सवय. एक आहेत 'चष्मा', शाळामास्तर होते. एक 'मांजराची आई'. एक 'बिनसाखर', ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून झाले असावेत. मी 'सुईदोरा', कारण उभा जन्म नाटक कंपनीच्या कपडेपटात राजाराण्यांचे कपडे उसवण्यात आणि शिवण्यात गेला.

सुट्टी आली की आम्ही सगळे एकच जाडजूड पुस्तक घेऊन बसतो. आपापल्या घरी, आपापली प्रत, समोर टॅबलेट नाहीतर कॉम्प्युटर सुरू. बराच वेळ मनातल्या मनात वाचायचं, मधूनमधून एकेकाने पानभर मोठ्याने वाचून दाखवायचं. बस, एवढंच.

पहिल्यांदा बसले तेव्हाचं सांगते. पडद्यावर छोटे छोटे चौकोन. कुणाचा चेहरा, कुणाचं नुसतं कपाळ, कुणी कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाज सुरू ठेवलेला. माझा तसाच असतो, मला घरात कुणी डोकावलेलं आवडत नाही. कुणी काही बोलेना. मला वाटलं, बिघडलं. मग ऐकू आलं, पान उलटल्याचं. मग दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरं. मग तिसरं. नाटकाआधी दिवे मंद होतात आणि सगळं थिएटर एकदम गप्प होतं ना, तो क्षण मी विंगेतून वर्षानुवर्षं ऐकला आहे. पण तो टिकत नाही, पडदा उघडतो. हा टिकला. कुठकुठली माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली, आणि सगळी त्या एका गोष्टीत शिरलेली. देवळात गेल्यावरही मी इतकी गप्प झाले नव्हते.

या वेळचं पुस्तक वाळवंटाचा नकाशा काढायला निघालेल्या बापलेकीचं आहे. मी मुद्दाम पुढे वाचलेलं नाही. भावजयीला सांग, माझ्या वाटणीचं तुझ्या ताटात वाढ म्हणून.

तुझी ताई

११ सप्टेंबर

ताई,

वाचून गंमत वाटली आणि वाईटही वाटलं. गंमत आधी सांगतो. मी बायकोला म्हटलं, ताई गप्प बसायला माणसं जमवते आहे. ती म्हणाली, तुम्हाला नाही जमायचं.

आता वाईट. तुझ्यासाठी मागची खोली तयार केली आहे. पूर्वेकडे भिंत होती तिथे जमिनीपासून छतापर्यंत एकसलग काच बसवली. चौघांनी उचलून आणली, सांधा कुठे नाही. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. वाटलं होतं तू येशील, बघशील, आणि मग कदाचित परत जायचं नाव काढणार नाहीस.

कळतं मला. मागच्या वेळी मी "आता आमच्याकडेच राहा" म्हटलं ते तुला लागलं. तू तेव्हा नुसती पदर सारखा करत बसलीस. म्हणून हे पुस्तकाचं निमित्त. निमित्त नसेल तर मला सांग, ही कोण माणसं? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. उद्या तुला काही झालं तर हे चष्मे आणि बिनसाखर धावून येणार आहेत का? रक्ताचं माणूस सोडून पडद्यातल्या माणसांबरोबर सुट्टी, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. मी दहा ओळींपुढे वाचणारा माणूस नाही, त्यामुळे असेल.

लेकीला सांगितलं तर ती म्हणते, बाबा, आत्याला सोडा जरा. सोडलं.

धाकटा

१६ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

खोलीचं वाचून मी पत्र दोनदा खाली ठेवलं. एकसलग काच म्हणजे तू जिवावर उदार होऊन बसवली असणार. बघायला येईन, नक्की येईन. पण सुट्टीनंतर.

तुझ्या बोलण्याचा मला राग आलेला नाही. खरंच. प्रवासाचा कंटाळा येतो एवढंच. हल्ली बसमधून उतरताना जरा गरगरतं, रात्री झोप नीट नसेल झाली. शिवाय घरातली कामं रेंगाळली आहेत. परवा शेजारणीच्या नातवासाठी एक सदरा शिवायला घेतला आणि सुईत दोरा म्हणून जाईना. सुया हल्ली काहीतरीच निघतात. त्याच दिवशी एक कप हातातून निसटला, तुझ्या लग्नातला, निळ्या फुलांचा. सांडशीही दोनदा पडली. हात ओले असतील.

ती माणसं कोण, असं विचारतोस. मलाही नीट ठाऊक नाही. पण मागच्या वेळी मांजराच्या आईने एक पान वाचलं, त्यात एक म्हातारा आपल्या बायकोचे बूट पुसतो एवढंच होतं, आणि तिचा आवाज मधेच थांबला. कुणी काही विचारलं नाही. बिनसाखरांनी पुढचं वाक्य उचललं आणि वाचू लागले. असं कुणी आपलं ओझं न बोलता उचलतं, तेव्हा त्याचं नाव-गाव काय करायचंय?

काळजी करू नकोस. सुट्टी संपली की लिहिते.

तुझी ताई

२४ सप्टेंबर
तुझ्या घरून, तुझ्या टेबलावरून

ताई,

हे पत्र तू आज वाचणार नाहीस. डॉक्टर म्हणतात, आत्ता नुसतं झोपू द्या, बोलायला लावू नका, वाचायला देऊ नका. काचेच्या दारातून तुला बघतो आणि परत येतो. मग बसून लिहितो, कारण तुझ्याशी बोलायची मला दुसरी रीत येत नाही. झालं ते तुला कितपत माहीत आहे, मला माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

रविवारी दुपारी वाचायची पाळी तुझी होती. अर्धं पान तू नेहमीसारखं वाचलंस. मग शब्द अडखळले, एक शब्द तू दोनदा भलताच उच्चारलास, आणि खुर्ची पडल्याचा आवाज आला. त्या सगळ्यांनी तो ऐकला. त्यांनी हाका मारल्या, सुईदोरा, सुईदोरा. दुसरं काय म्हणून हाक मारणार? तुझा कॅमेरा बंद. नाव नाही, पत्ता नाही, गाव नाही.

मी तुला लिहिलं होतं, हे लोक धावून येणार आहेत का. ते सगळे आपापल्या घरात बसल्या जागी धावत होते, ताई.

चष्म्यांना आठवलं की तू कधीतरी एक किस्सा सांगितला होतास. चालू प्रयोगात पडदा पेटला आणि तू राणीची शाल बादलीत बुडवून तो विझवलास. त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं. कुणी जुनी वर्तमानपत्रं शोधू लागलं, कुणी नाट्यगृहांना फोन लावू लागलं. बातमी सापडली, तिच्यातून थिएटर सापडलं. सुट्टी म्हणून सगळं बंद, पण थिएटर सुट्टीलाच चालतं. तिकीटखिडकीवरच्या माणसाने फोन उचलला. त्याला आधी थट्टाच वाटली. मग तो आत कपडेपटात गेला. तुझ्या जागी आलेली पोरगी आहे ना, तू शिकवलेली, तिने तुझं वर्णन ऐकलं आणि ती प्रयोग सोडून तशीच निघाली. बाहीला टाचण्या लावलेल्या, गळ्यात मापाची टेप. तिनेच बंबाला आणि अँब्युलन्सला रस्त्यातून फोन केले. दाराची काच फोडून ते आत शिरले. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या असत्या तर हातच्या गेल्या असत्या. मेंदूत गुठळी अडकली होती.

हे सगळं मला त्या पोरीने दवाखान्यात सांगितलं, तिला त्या लोकांनी. तिने आणखी एक गोष्ट सांगितली.

तू पडल्यावर पहिल्यांदा त्या लोकांत गोंधळ उडाला. सगळे एकदम बोलू लागले. तेव्हा ती मांजराची आई म्हणाली, "वाचायचं थांबवू नका. तिला ऐकू येत असेल."

आणि ते वाचत राहिले. काही जण शोधत होते, बाकीचे वाचत होते. एकाचा आवाज कापू लागला की दुसरा घ्यायचा. ती पोरगी काचा तुडवत आत आली, तेव्हा तू जमिनीवर कुशीवर पडली होतीस, डोळे उघडे, आणि टेबलावरून एका बाईचा आवाज येत होता. शांत, घाई नाही. बाप आणि लेक रात्री वाळूत शेकोटी पेटवतात, असं काहीतरी चाललं होतं. पोरगी म्हणाली, मी इतकी वर्षं थिएटरात आहे, असं वाचन ऐकलं नाही. अँब्युलन्सवाले तुला उचलत होते तेही कुजबुजत बोलत होते.

सोमवारी मी पोचलो. तुला बघून तुझ्या घरी आलो. टॅबलेट टेबलावर तसाच होता, पोरीने चार्जिंगला लावलेला. मी हात लावला आणि पडदा उजळला. चौकोन, चौकोन, प्रत्येकात एक माणूस. ते तिथेच होते. कामावर जाऊन आलेले, जेवून आलेले, पण पाळीपाळीने कुणी ना कुणी बसलेलं. मी दचकून मागे सरलो. एक टक्कल पडलेले गृहस्थ ओठ हलवून काही म्हणाले, मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावून दाखवलं.

मग काय झालं सांगू? ते सगळे खाली वाकले. वर आले तेव्हा प्रत्येकाच्या हातात कागद. जाड अक्षरांत, मला दिसेल असं. एकाच्या कागदावर होतं, "तुम्ही धाकटे ना?" दुसऱ्याच्या, "त्या कशा आहेत?" एका म्हाताऱ्या बाईने, मांडीवर मांजर होतं म्हणून ओळखली, लिहिलं होतं, "तुमची काच बघायला त्या येणार होत्या. आम्हाला त्यांनी खूप सांगितलं."

ताई, मला तुझ्या कपाटातल्या एका पुस्तकाचं नाव ठाऊक नाही. आणि या लोकांना मी ठाऊक होतो. माझे कान ठाऊक होते. एकसलग काच ठाऊक होती.

मी तुझ्या शिवणाच्या खडूने एका पुठ्ठ्यावर लिहिलं, "जिवंत आहे." आणि धरून उभा राहिलो. मला काही ऐकू येत नव्हतं, पण सगळे चेहरे एकदम बदलले ते मी पाहिलं. एवढी माणसं एकाच वेळी रडताना मी कधी पाहिली नव्हती. मी तर कुणाच्या मयतालाही मागे उभा राहणारा माणूस.

दाराची काच आज नवी बसवली. पाच मिलिमीटर, कडा घासून.

धाकटा

२० ऑक्टोबर

धाकट्या,

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर कोंबडीचं आहे. पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, त्या म्हणाल्या, रोज थोडं लिहा. म्हणून तुला.

तुझं पत्र मला आता दिलं. तीन दिवस वाचत होते. काही शब्द सापडत नाहीत. डोक्यात असतात, पण ओठावर येत नाहीत. काल मला पाणी प्यायचं ते काचेचं हवं होतं. मी नर्सला "खिडकी" म्हणाले. तुला हसू येईल. मलाही आलं.

तू विचारतोस, काय माहीत आहे. सांगते. सगळं माहीत आहे.

मी जमिनीवर होते. फरशी गार होती. टेबलाचा पाय दिसत होता, त्याच्याखाली एक बटण पडलेलं, केव्हापासून शोधत होते ते. उजवा हात माझा नव्हता. कुणाचा तरी माझ्याजवळ ठेवला होता. ओरडायला गेले तर घशातून काही भलतंच आलं. मग मी फार घाबरले. मला वाटलं, आता मला शब्दच उरले नाहीत. माझ्याकडे दुसरं होतं काय?

आणि वरून आवाज यायला लागला. पुढचं पान. मी जिथे सोडलं तिथूनच. मला पहिल्यांदा कळेना हे काय. मग कळलं, ते मला वाचून दाखवताहेत. मला बोलता येत नव्हतं, पण मला समजत होतं. प्रत्येक वाक्य समजत होतं. वाळूवरची रात्र, तिथली थंडी, बापाने लेकीच्या खांद्यावर टाकलेलं कांबळं. म्हणजे मी अजून होते. शब्द आत येत होते. दार एका बाजूने उघडं होतं.

देव वगैरे मला काही दिसलं नाही. माणसांचे आवाज ऐकू आले. त्याहून मोठं काही मी ऐकलेलं नाही.

आणखी एक. सुया चांगल्या होत्या. कपाचं, सांडशीचं, गरगरण्याचं, सगळं मला कळत होतं. तुला लिहिलं असतं तर तू येऊन मला उचलून नेलं असतंस. म्हणून लपवलं. आता नाही लपवणार.

दमले.

ताई

२७ ऑक्टोबर

ताई,

उचलून नेणार नाही. डॉक्टर सोडतील तेव्हा तू ठरव, तुझ्या घरी की इथे. खोली कुठे पळून जात नाही. पण घरी राहिलीस तर ती पोरगी रोज चक्कर मारणार आहे, तसं आमचं ठरलं आहे. त्यात तुझं काही चालणार नाही.

एक बातमी आहे. चष्म्यांचा निरोप आला, लेकीने मला दाखवला. तुला उचललं त्या क्षणी जे वाक्य चाललं होतं, तिथे त्यांनी पुस्तक मिटलं. तेव्हापासून कुणीही पुढे वाचलेलं नाही. एकानेही नाही. बिनसाखर म्हणे रोज रात्री पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावतात, मोह होऊ नये म्हणून. पुढची सुट्टी नऊ तारखेला आहे. तुला जमेल तर त्या दिवशी, नाहीतर त्याच्या पुढच्या. त्यांना घाई नाही.

मी पुस्तक आणलं. दोनशे पानं झाली. बायको रोज येऊन बघते, तब्येत बरी आहे ना म्हणून.

धाकटा

१० नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

काल तू तिकडून बघत होतास हे मला माहीत आहे, तुझा चौकोन दिसत होता, लेकीने तुझ्यासाठी खाली अक्षरं उमटायची सोय केलेली. तरी लिहिते. कारण तुला पडदा दिसला, मला काय झालं ते दिसलं नाही.

इथल्या नर्सने खुर्चीत उशा लावून बसवलं. या वेळी मी कॅमेरा सुरू ठेवला. तोंड एका बाजूला ओढलेलं, केस कापलेले, बघू देत म्हटलं. कुणी "कशा आहात" विचारलं नाही. सगळ्यांनी नुसती पुस्तकं उघडली. पानांचा आवाज झाला.

पाळ्या सुरू झाल्या. मला वगळतील असं वाटलं होतं, आणि खरं सांगते, वगळावं असंही वाटत होतं. सकाळीच मला माझं नाव सांगायला इतका वेळ लागला होता. पण मांजराच्या आईचं पान संपलं आणि त्या म्हणाल्या, "सुईदोरा, आता तुम्ही." जसं काही झालंच नव्हतं.

मी वाक्यावर बोट ठेवलं. छोटं वाक्य होतं. लेक टेकडीवर चढते आणि तिला पलीकडे समुद्र दिसतो. "टेकडी" आलं. "चढली" आलं, जरा वाकडं. मग थांबलं. शब्द समोर छापलेला, मला अर्थ माहीत, निळा रंग माहीत, आणि तोंडात काही नाही. मी ओठ हलवले. नुसती हवा.

तू पाहिलंस ना धाकट्या? कुणीही तो शब्द पुढे केला नाही. एवढ्या माणसांसमोर तो छापलेला होता, कुणाच्याही जिभेवर सहज आला असता. ती सगळी वाट बघत बसली. कुणी खोकलं नाही, कुणी मान खाली घातली नाही. किती वेळ गेला मला कळलं नाही. मला घाईच राहिली नाही. वाटलं, ही माणसं संध्याकाळपर्यंत अशीच बसतील, आणि त्यांच्या मनात एवढंच असेल की शब्द माझा आहे, मीच काढायचा.

आणि तो आला. "समुद्र."

मी वाक्य पुरं केलं, पूर्णविरामापर्यंत. मी वर पाहिलं. वाटलं, आता टाळ्या वाजवतील, रडतील, काहीतरी म्हणतील. बिनसाखरांनी नाकावरचा चष्मा सारखा केला, पुस्तकात बघितलं, आणि पुढचं वाक्य वाचायला सुरुवात केली.

तुझी ताई